अब्बांनी आणलेले बूट

आमच्या रत्नागिरी-रायगडकडच्या कितीतरी मुस्लिम घरांत अब्बा म्हणजे दोन वर्षांतून एकदा सुटीवर येणारा माणूस. १९७०च्या दशकात तेलाचे भाव वाढले, आखाती देशांत कामं निघाली आणि गावातले पुरुष तिकडे गेले. माझे अब्बाही कुवेतला होते.

पत्र लिहिलं की अम्मी वहीच्या कागदावर माझं पाऊल ठेवून पेन्सिलीने आखायची आणि तो कागद पाकिटात घालायची. अब्बा येईपर्यंत पाय वाढणार, म्हणून ते हिशेबाने एक नंबर मोठे बूट आणायचे. बहुतेक वेळा बरोबर बसायचे. आज हे कुणाला सांगितलं की म्हणतात, बघ, याला म्हणतात बापाचं प्रेम!

खरं आहे. पण नऊ वर्षांच्या मला ते कळलं नव्हतं. मला आठवतो तो फोन. आयएसडी परवडत नसे, म्हणून तीनच वाक्यं : अभ्यास कर, अम्मीला त्रास देऊ नको, फोन अम्मीकडे दे. अब्बा माझ्यावर नाराज आहेत, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं.

‘बाप बोलत नाही, करून दाखवतो’ छापाच्या रील्स आपण एकमेकांना पाठवतो. मीही पाठवल्यात. त्यात बापाचं कौतुक होतं ते योग्यच, पण न बोलण्याचंही होऊन जातं. ते मला खटकतं. बुखारीतला प्रसंग आपण सगळ्यांनी ऐकलाय. प्रेषित (स.) नातू हसन (रजि.) यांचा मुका घेतात तेव्हा अक़रा बिन हाबिस म्हणतात, मला दहा मुलं आहेत, एकाचाही मुका मी कधी घेतला नाही. त्यावर प्रेषित (स.) त्यांना सांगतात की जो दया करत नाही, त्याच्यावर दया होत नाही. आता त्या दहा मुलांना अक़रा उपाशी तर ठेवत नसणार!

व्हिडिओ कॉल फुकट झाला तरी आमची तीन वाक्यं तीनच राहिली. परवा कामावरून मुलीला फोन केला. होमवर्क झाला का, जेवलीस का, मम्मीकडे दे. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, हे तर अब्बाच बोलले.

मग गावी फोन लावला. अब्बांना म्हटलं, “लहानपणी तुमची खूप आठवण यायची. अजूनही येते.” पलीकडे बराच वेळ काही नाही. मग अम्मीचा आवाज आला, “काय बोललास रे? फोन माझ्या हातात देऊन हे अंगणात जाऊन बसलेत.”