जुनी मोटार व तिची ‘बीसीएम’ पेटी

प्रस्तुत अंकाकरितां खारबंदिस्तीविषयीं चार शब्द लिहावे, असा आमचा मूळ विचार होता. परंतु गेल्या पावसाळ्यांत घरच्या मोटारीनें आम्हांस जो धडा दिला, तो आधीं वाचकांच्या कानीं घालणें अधिक निकडीचें वाटलें. आम्ही यंत्रशास्त्रज्ञ नव्हों; मराठी शाळेंत शिकून महसूल खात्यांत कारकुनी केली, एवढीच आमची पात्रता. तथापि कागद तपासल्यावांचून त्यावर शेरा मारूं नये, ही जी संवय त्या नोकरीनें लावली, ती मोटारीच्या कामींही उपयोगीं पडते, असें आम्हांस आढळून आलें.

आमच्या हमरापुरांत मोटार ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. भाताचीं पोतीं, भाजीपाला, कारखान्यांतील गणपतीच्या मूर्ति आणि प्रसंगीं घरचें आजारी माणूस, या सर्वांस तीच वाहून नेते. नवी गाडी ज्यास झेपत नाहीं, तो दहाबारा वर्षांची जुनी घेतो. आमच्या पुतण्याची गाडी अशीच आहे.

श्रावणांतील एका रात्रीं आमच्या वहिनींस दम लागला, म्हणून तो त्यांस घेऊन अलिबागेस निघाला. वडखळ मागें पडून पोयनाड यावयाच्या आंत वायपर थांबले आणि पाठोपाठ पुढचे दिवेही गेले. वर मुसळधार पाऊस, समोर कांहीं दिसेना आणि गाडींत श्वासासाठीं तळमळणारी आई! मागून आलेल्या एका टेम्पोवाल्यानें दोघांस रुग्णालयांत पोहोंचविलें, म्हणून वहिनी आज आमच्यांत आहेत.

दुसऱ्या दिवशीं गाडी एका दुरुस्तीच्या दुकानीं नेली. कारागिरानें पांच मिनिटें पाहून निकाल दिला कीं, ‘बीसीएम गेला, बदलावा लागेल.’ खर्च २२ हजार रुपये! खतासाठीं ठेवलेली रक्कम त्यांत गेली. नवी पेटी बसली, आणि नवव्या दिवशीं पाऊस लागतांच वायपर पुनः थांबले. अखेर एका वृद्ध वायरमननें दोन तास मीटर घेऊन शोध केला. पुढच्या कांचेखालीं जांभळीचीं पानें साचून पाणी वाहून जाण्याची वाट बुजली होती. तें पाणी आंत झिरपून पेटीच्या जोडणीपर्यंत पोहोंचलें होतें. शिवाय अर्थिंगचा बोल्ट गंजून पोकळ झाला होता. सफाई व नवा बोल्ट मिळून ६०० रुपये लागले, आणि त्यानंतर गाडी आजपर्यंत बिनतक्रार चालते. जुनी पेटी आमच्या पुतण्यानें परत मागून घेतली नव्हती. त्यामुळें ती खरोखर बिघडली होती कीं नाहीं, हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं.

ही पेटी म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. पूर्वीच्या गाडींत दिव्याचें बटण दाबलें कीं वीज बटणांतून वा रिलेमधून सरळ दिव्याकडे जाई. नव्या पद्धतीच्या गाडींत बटण केवळ वर्दी देतें. ती वर्दी बॉडी कंट्रोल मॉड्यूल नांवाची पेटी घेते आणि दिवे, वायपर, भोंगा, दारांचीं कुलुपें यांस हुकूम सोडते. गाडींतील इतर पेट्यांशीं तिचें बोलणें बहुधा दोन पिळलेल्या तारांवरून, बॉश कंपनीनें १९८६ सालीं जगापुढें मांडलेल्या ‘कॅन’ पद्धतीनें चालतें. कचेरींतील बारनिशीच्या टेबलासारखेंच हें आहे. टपाल तेथूनच येतें व तेथूनच जातें. काम अडलें म्हणजे बोल त्या टेबलावर येतो. परंतु कागद वाटेंतच भिजला असेल, तर तेथील कारकून बदलून काय उपयोग?

जमिनीचा फेरफार मंजूर करण्यापूर्वीं हितसंबंधीयांस नोटीस द्यावी लागते व हरकतीस मुदत ठेवावी लागते. मोटारीच्या पेटीचा फेरफार मात्र पंचनाम्यावांचून होतो, हीच आमची तक्रार आहे. आमच्या मतें पंचनामा असा असावा. प्रथम बॅटरी पहावी. गाडी बंद असतां सुमारें १२.४ ते १२.६ व्होल्ट आणि चालू असतां सुमारें १३.५ ते १४.५ व्होल्ट दाब असावा. नंतर फ्यूज व रिले तपासावे. मग दिवे लावून बॅटरीचें ऋण टोक व गाडीचा सांगाडा यांमधील फरक मोजावा. तो एकदोन दशांश व्होल्टांहून अधिक दिसल्यास अर्थिंगचा संशय घ्यावा. शेवटीं जोडण्या उघडून हिरवा गंज, ओल व उंदरांनीं कुरतडलेल्या तारा पहाव्या. आमच्या गणपतीच्या गांवीं मूषकमहाराजांचा संचार घरोघरीं आहे, हें सांगावयास नकोच! खाडीच्या खाऱ्या हवेंत आणि कोंकणच्या पावसांत यांपैकीं एखादें कारण सांपडण्याचा संभव पुष्कळ असतो.

पेटी कधींच बिघडत नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. पुराचें पाणी आंत शिरलें, जादा दिवे जोडून भार वाढविला, अथवा बॅटरीचीं टोकें उलट जोडलीं, तर ती जळते. कित्येकदां आंतील एखादा रिले वा डाखाचा सांधा तेवढा गेलेला असतो व तो बदलून पेटी पुनः चालूं लागते. बदलावीच लागली, तर तिच्यावरील भाग क्रमांक नव्या पेटीशीं अक्षरशः जुळवावा. सारख्या दिसणाऱ्या पेट्या निरनिराळ्या प्रकारच्या गाड्यांच्या असूं शकतात. काम करतांना बॅटरीचें ऋण टोक सोडवून ठेवावें. पुष्कळ गाड्यांत नवी पेटी त्या गाडीच्या रचनेप्रमाणें संगणकीय यंत्रानें जुळवावी लागते. किल्लीची ओळखही तिच्यांत असली, तर किल्ल्या नव्यानें जुळवाव्या लागतात. म्हणून घरांत असतील तेवढ्या सर्व किल्ल्या बरोबर न्याव्या. भंगारांतून स्वस्तांत आणलेली पेटी आपल्या पूर्वीच्या गाडीशींच बांधलेली असूं शकते. अशी पेटी घेऊन गाडी सुरूच झाली नाहीं, तर दोष आपलाच. दुरुस्तीचा लेखी तपशील, पावती आणि काढलेला जुना भाग, हीं तिन्ही हातीं आल्यावांचून पैसे देऊं नयेत.

सर्व दोष कारागिरांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. दोष वाचण्याचीं यंत्रें महाग आहेत. स्वस्त यंत्र बहुधा इंजिनापुरतेंच वाचतें, या पेटीचें वाचीत नाहीं. आणि कारखानदार आपली माहिती सहसा बाहेर देत नाहींत. यावर जगांत चळवळ चालूं आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानच्या मतदारांनीं २०१२ सालीं मोटारदुरुस्तीच्या हक्काचा कायदा मतदानानें संमत केला. कोलोरॅडो संस्थानानें २०२३ सालीं शेतीच्या यंत्रांसाठीं तसाच कायदा केला. आपल्या केंद्र सरकारनें २४ डिसेंबर २०२२ रोजीं दुरुस्तीच्या हक्काचें संकेतस्थळ उघडलें असून त्यांत मोटारी व शेतीचीं अवजारें या दोहोंचा समावेश आहे. फसवणूक झाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें जिल्हा आयोगाकडे दाद मागतां येते, व १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवितां येते.

परंतु रात्रीं पावसांत रस्त्यावर अडलेल्या माणसास कायद्याचा आधार दुसऱ्या दिवशींच मिळावयाचा. म्हणून आमची सूचना अशी कीं, आपल्या संघानें फवारणीचे पंप जसे सामाईक ठेवावे, तसेंच पेटीचेही दोष वाचणारें एक चांगलें यंत्र व एक मीटर सामाईक घ्यावा, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत शिकलेल्या गांवच्या दोन तरुणांस तें चालविण्यास शिकवावें. सभासदानें अल्प फी देऊन आधीं पंचनामा करून घ्यावा व मगच दुकानाची पायरी चढावी. आमच्या एका घरचे २२ हजार गेले. अशीं दहा घरें मोजलीं, तर यंत्राचा खर्च कोणास जड वाटेल?

येत्या वार्षिक सभेंत हा ठराव आम्ही मांडणार आहों. तोंवर प्रत्येकानें एवढें तरी करावें: मृगापूर्वीं गाडीच्या कांचेखालचीं पानें स्वतःच्या हातानें काढावीं. त्यास पैसा लागत नाहीं.