श्रोडिंजरचा वेदान्त

ज्या घरांत आजोबांच्या हातीं उपनिषदांचें पुस्तक, आणि नातवाच्या हातीं चाकणच्या कारखान्यांत पोलादी पत्रा लेसरनें कापणारें यंत्र, अशीं घरें पिंपरी-चिंचवड भागांत आतां पुष्कळ झालीं आहेत. अशा घरीं जेवणाच्या पंक्तीस एक वाद हटकून निघतो. वडील मंडळी म्हणतात, ज्या क्वांटमशास्त्राचा एवढा गाजावाजा, तें आमच्या ऋषींस ठाऊकच होतें. खुद्द श्रोडिंजरनें उपनिषदें वाचूनच आपलें समीकरण बसविलें. तरुण मंडळी हंसून म्हणतात, ही सगळी बाजारगप्प आहे. त्या शास्त्रज्ञाचे मूळ ग्रंथ मात्र दोन्ही पक्षांनीं क्वचितच उघडलेले असतात. म्हणून या महिन्यांत त्या ग्रंथांचाच परामर्श घेण्याचें आम्ही योजिलें आहे.

एर्विन श्रोडिंजर हा १८८७ सालीं व्हिएन्ना येथें जन्मला. सूक्ष्म कणांच्या वर्तनाचें प्रसिद्ध समीकरण त्यानें १९२६ सालीं मांडलें, व १९३३ सालीं डिरॅकसह त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. समीकरणाचें मूळ अगदीं उघड आहे. प्रकाशाचा मार्ग व पदार्थाची गति यांतील साम्य हॅमिल्टननें एकोणिसाव्या शतकांत गणितानें दाखविलें होतें. द्रव्यकणासहि तरंगरूप असतें, ही कल्पना द ब्रॉय यानें नुकतीच पुढें आणली होती. हे दोन धागे श्रोडिंजरनें एकत्र विणले. हायड्रोजनच्या वर्णपटांतील रेषांशीं त्या गणिताचा मेळ बसला, म्हणून जगानें तें मानिलें. आमच्या नातवांचा लेसर हेंहि याच क्वांटमशास्त्राचें अपत्य होय.

मग वेदान्त आला कोठून? पहिल्या महायुद्धाच्या सुमारास श्रोडिंजरनें शोपेनहॉवर वाचला, व त्याच्या मागोमाग तो जर्मन पंडितांच्या वेदान्तविषयक ग्रंथांकडे वळला. त्यांतील प्रमुख पंडित पॉल डॉयसन. यानें १८९७ सालीं साठ उपनिषदांचें जर्मन भाषांतर प्रसिद्ध केलें. हाच डॉयसन १८९३ सालीं मुंबईस आला असतां रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढें वेदान्तावर बोलला होता. लोकमान्यांच्या गीतारहस्यांतहि त्याच्या मतांचा उल्लेख आढळतो. समीकरणाच्या आदल्या वर्षीं, म्हणजे १९२५ सालीं, श्रोडिंजरनें आपल्या जगद्दृष्टीवर एक निबंध लिहिला व त्यांत अद्वैतमत मनःपूर्वक स्वीकारलें.

निबंध आधीं व समीकरण नंतर, एवढ्यावरून आमची वडील मंडळी कार्यकारणभाव जोडतात. परंतु आमच्याच न्यायशास्त्रानें येथें सावध केलें आहे. माती वाहणारें कुंभाराचें गाढव मडक्याच्या आधीं असतें, म्हणून तें मडक्याचें कारण ठरत नाहीं. त्यास अन्यथासिद्ध म्हणतात. समीकरणाच्या घडणींत उपनिषदांतील एकहि सिद्धान्त गृहीत धरलेला नाहीं.

तरुणांनींहि इतक्यांत विजयाचा आनंद मानूं नये. श्रोडिंजरनें १९४३ सालीं डब्लिन येथें दिलेलीं व्याख्यानें ‘जीवन म्हणजे काय?’ या अर्थाच्या नांवानें १९४४ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. अनुवंशाचें द्रव्य हा एकच नक्षी पुनःपुन्हा न गिरविणारा एक स्फटिक असावा, व त्यांत सबंध देहाची संहिता सांठविलेली असावी, असें अनुमान त्यानें त्यांत केलें. पुढें १९५३ सालीं डीएनएची रचना उलगडणाऱ्या वॉटसन व क्रिक या दोघांनींहि या पुस्तकाचें ऋण मान्य केलें आहे. क्ष-किरणांनीं अनुवंशांत बदल घडतो, हा त्याच्या विवेचनाचा एक आधार होता. पेनिसिलीनच्या बुरशीचे अधिक उत्पन्न देणारे वाण अशाच किरणांच्या साहाय्यानें मिळविले गेले. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, ती याच औषधाकरितां.

एवढें शास्त्र सांगून झाल्यावर उपसंहारांत हा मनुष्य विचारतो: माझा देह निसर्गनियमांनीं चालतो, आणि तरीहि तो मीच चालवितों असा माझा अनुभव आहे, तर हा ‘मी’ कोण? उत्तरादाखल तो आत्मा व ब्रह्म यांच्या ऐक्याकडे बोट दाखवितो. हा उपसंहार पाहून डब्लिनचा प्रकाशक कचरला, व पुस्तक केंब्रिजहून निघालें. परंतु हें माझें व्यक्तिगत मत आहे, असें श्रोडिंजरनें तेथेंच बजावलें आहे. शास्त्र कोठें संपलें व श्रद्धा कोठें सुरू झाली, ती रेघ त्यानें स्वतःच ओढली. पूर्वेकडील विचार पश्चिमेनें घ्यावा, मात्र तर्काचा कांटेकोरपणा सोडूं नये, असेंहि त्यानें १९५८ सालच्या ‘मन आणि द्रव्य’ या अर्थाच्या ग्रंथांत म्हटलें आहे.

आतां एक अप्रिय गोष्ट सांगणें प्राप्त आहे. अल्पवयीन मुलींशीं या मनुष्याचें वर्तन निंद्य होतें, व त्यामुळेंच डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजानें २०२२ सालीं एका व्याख्यानगृहास दिलेलें त्याचें नांव काढून टाकलें. समीकरणास यामुळें बाध येत नाहीं, कारण तें प्रयोगावर उभें आहे. वेदान्ताचें तसें नाहीं. विवेक, वैराग्य, शमदमादि षट्संपत्ति व मुमुक्षुत्व यांवांचून ब्रह्मविचाराचा अधिकारच प्राप्त होत नाहीं, असें आचार्यांचें स्पष्ट मत आहे. सर्वांभूतीं एकच आत्मा पाहण्याची भाषा करणाऱ्यास समोरच्या अजाण मुलीचें दुःख दिसत नसेल, तर त्याची विद्या पोथींतच राहिली म्हणावयाची.

मात्र परक्याचा हा दोष दाखवून आम्हांस मोकळें होतां येत नाहीं. अद्वैताचे पाठ मुखोद्गत असून मोलकरणीचा चहाचा पेला वेगळा ठेवणारीं घरें आमच्यांतच आहेत. हाताखालच्या कंत्राटी मजुराचें नांवहि ठाऊक नसलेले अधिकारीहि आमच्याच घरचे आहेत. ऋषींस क्वांटमशास्त्र येत होतें कीं नाहीं, या वादापेक्षां हा प्रश्न आम्हांस अधिक निकडीचा वाटतो. समीकरणाची परीक्षा प्रयोगशाळेंत होते, अद्वैताची घरांत आणि कारखान्यांत. एका परीक्षेचें प्रमाणपत्र दुसरीस चालत नाहीं, एवढें आजोबांनीं व नातवांनीं मिळून ध्यानीं घेतलें, तर पंक्तीचा वाद सत्कारणीं लागेल.