सूर्यप्रकाश, सांडपाणी आणि हिशेब

सांडपाणी सूर्यप्रकाशाने शुद्ध व्हावे आणि त्यातूनच वीजही मिळावी, ही कल्पना कोणालाही भुरळ घालील. ती निव्वळ कविकल्पना नव्हे. टायटॅनियम डायॉक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन घडविता येते, हे फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ साली दाखवून दिले. प्रकाशचलित इंधनघट हा त्याच शोधाचा वंशज. प्रकाशाने उत्तेजित झालेला एक इलेक्ट्रोड पाण्यातील सेंद्रिय घाणीचे ऑक्सिडीकरण करतो. सुटलेले इलेक्ट्रॉन तारेतून दुसऱ्या इलेक्ट्रोडकडे जातात आणि तेथे ऑक्सिजन ते स्वीकारतो. घाण हेच येथे इंधन ठरते.

याची निकड आपल्याला किती आहे, हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालावरून दिसते. देशाच्या नागरी भागांत दररोज सुमारे ७,२०० कोटी लिटर सांडपाणी निर्माण होते. प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती जेमतेम २,००० कोटी लिटरांवर. उभारलेली केंद्रेही पूर्ण क्षमतेने चालत नाहीत. वीजबिल हे त्याचे एकमेव कारण नव्हे. परंतु प्रचलित पद्धतीत केंद्राची जवळजवळ निम्मी वीज पाण्यात हवा खेळविण्यातच खर्ची पडते, हे विसरता येत नाही.

मात्र उत्साहाला हिशेबाची जोड हवी. टायटॅनियम डायॉक्साइडला अतिनील किरणच लागतात आणि सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा सुमारे पाच टक्केच असतो. गढूळ पाण्यात प्रकाश खोलवर शिरत नाही. प्रयोगशाळेत तर पुष्कळदा कृत्रिम दिवा वापरतात; त्याने खाल्लेली वीज हिशेबात धरली नाही, तर दिव्याखालीच अंधार राहावयाचा!

म्हणून या घटाकडे वीजनिर्मितीचे साधन म्हणून न पाहता, शुद्धीकरणाचा खर्च हलका करणारे साधन म्हणून पाहणे शहाणपणाचे होईल. त्याची जागा गटाराच्या मुखाशी नव्हे, तर अखेरच्या टप्प्यावर आहे. इचलकरंजीसारख्या वस्त्रोद्योगाच्या गावी जैविक प्रक्रियेला दाद न देणारे रंग पाण्यात उरतात. तेथे खऱ्या सांडपाण्यावर, खऱ्या उन्हात, पावसाळ्यासह वर्षभर चाचणी व्हावी आणि तिचा जमाखर्च लोकांपुढे मांडला जावा. तोवर हाती असलेली केंद्रे अहोरात्र चालविणे हेच नगरपालिकांचे कर्तव्य. उद्याच्या शोधाकडे बोट दाखवून आजची नदी नासविण्याचा परवाना कोणालाही मिळता कामा नये.