न लागणारें दार बंद असावें

मुखेडच्या शेतकऱ्याचा सातबारा आज संगणकांतून मिळतो; डिजिटल स्वाक्षरीचा उतारा देण्याची व्यवस्था शासनानें २०१८ सालीं सुरू केली. मुलांचे निकाल व बँकेचीं खातीं हींहि सर्व्हर नांवाच्या संगणकांवरच असतात. अशा संगणकाची राखण कशी होते, हें विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं जाणणें अगत्याचें आहे, असें आम्हांस वाटतें.

जगांतील पुष्कळ सर्व्हर लिनक्स या कार्यप्रणालीवर चालतात. डिस्कवर माहिती मांडण्याच्या रीतीस फाइलसिस्टिम म्हणतात. अशा अनेक रीती जाणणारे भाग, म्हणजे मॉड्यूल, लिनक्ससोबतच येतात आणि मागणी होतांच आपोआप कर्नलमध्यें, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यांत, शिरतात. क्रॅमएफएस ही रीत थोड्या स्मृतीच्या लहान यंत्रांसाठीं केलेली. एचएफएस ही ॲपलच्या जुन्या मॅकिंटॉशची. बहुतेक सर्व्हरांस त्यांचें कांहींच काम नसतें. परंतु क्वचित वापरल्या जाणाऱ्या भागांत दोष राहिला, तर तो लवकर ध्यानांत येत नाहीं. आणि मुद्दाम बिघडविलेली डिस्क जोडून कोणी त्याचा लाभ घेतला, तर तो थेट गाभ्यापर्यंत पोहोंचूं शकतो. आमच्या शेजारच्या कंधारच्या भुईकोटाचा खंदक पाहिला म्हणजे पटतें कीं, वाटा जितक्या कमी, तितका पहारा सोपा.

उपाय अवघड नाहीं. मॉडप्रोब या आज्ञेच्या नियमांत ‘ब्लॅकलिस्ट’ची एक ओळ लिहितात, पण तिनें केवळ आपोआप येणें थांबतें, नांव घेऊन बोलावल्यास मॉड्यूल येतेंच. म्हणून ‘इन्स्टॉल क्रॅमएफएस /बिन/फॉल्स’ अशी दुसरी ओळहि हवी. मग मॉडप्रोबकडून नकारच मिळतो. आधींच शिरलेलें मॉड्यूल मात्र वेगळें काढावें लागतें.

‘असूं द्या, कधीं तरी लागेल’ असें म्हणणारे पुष्कळ. त्यांस आमचें सांगणें असें कीं, हें दार बुजविणें नव्हे, कडी लावणें होय. त्या ओळी काढल्या कीं तें पुन्हां उघडतें. पण डोळे मिटून सर्वच दारें लावणें हेंहि शहाणपण नव्हे. उबुंटूवरील स्नॅप पद्धतीचे कार्यक्रम स्क्वॉशएफएसच्या आधारें चालतात. तें बंद केल्यास ते अडतील. आधीं चौकशी, मग कडी, आणि ती कां लावली याची वहींत नोंद, हा क्रम सोडूं नये.

ही राखण पुढें आमच्या विद्यार्थ्यांपैकींच कोणाकडे येईल. दुसऱ्याचा सातबारा आपल्या हातीं आहे, हें त्यानें विसरूं नये.