घरची बाग : कमी पाण्यातली कोरांटी

उन्हाळ्यात नळाची धार बारीक झाली की पहिली कात्री लागते ती कुंड्यांच्या पाण्याला. गुलाब, शेवंती माना टाकतात. अशा घरात पिवळी कोरांटी लावावी. हिलाच वज्रदंती म्हणतात. आपल्याच माळरानावरचं हे झुडूप. शहाडसारख्या ठिकाणी गॅलरीतल्या कुंडीतही छान वाढतं.

लागवड पावसाळ्यात करा. वीतभर लांब, पेन्सिलीएवढी जाड फांदी कापून खालची पानं काढा आणि दोन पेरं मातीत जातील अशी खोचा. कुंडी दहा इंची, तळाला भोक हवंच. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. ऊन मात्र भरपूर हवं. सावलीत फुलं कमी येतात.

रुजल्यावर वरची दोन बोटं माती सुकेल तेव्हाच पाणी घाला. तांदूळ-डाळीचं धुवण चालतं, साबणाचं नको. मे महिन्यात थोडी पानं गळली तर घाबरून तांब्यावर तांब्या ओतू नका. पानं गाळून झाड स्वतःपुरतं पाणी राखत असतं. ओल साचली तर मुळंच कुजतात.

पावसाळा सरता सरता फुलं सुरू होतात, ती थंडीतही येत राहतात. बहर ओसरला की फांद्या एक तृतीयांश छाटा. पानांच्या बगलेत अणकुचीदार काटे असतात, तेव्हा रांगत्या बाळाच्या वाटेत कुंडी नको.

हंड्या-कळशीचा हिशेब करणाऱ्या घरातही दिवाळीला देव्हाऱ्यात घरचं फूल असावं, एवढ्यासाठी ही खटपट!