मुंबई ते लंडन : स्वस्त तिकिटाचा खरा हिशेब

आमचे अनेक व्यापारी बांधव मालाचे नमुने घेऊन स्वतः लंडन गाठतात. चामड्याच्या बॅगा शिवणारे असोत की तयार कपड्यांचे कारखानदार, गिऱ्हाइकाच्या हातात माल देऊन सौदा ठरवण्याची सर फोटोंना येत नाही. ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु तिकीट काढताना आपले लोक फक्त भाडे पाहतात. मीटरमागे दहा पैशांसाठी तासभर घासाघीस करणारा माणूस प्रवासात अख्खा दिवस फुकट घालवतो, याचे आम्हाला नवल वाटते.

मुंबई ते लंडनचा हीथ्रो विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे 7200 किलोमीटर आहे. ताशी 900 किलोमीटर वेगाने आठ तास पुरायला हवेत. पण जाताना साडेनऊ-दहा तास लागतात, कारण उंचावरचे पश्चिमेचे जोरदार वारे समोरून येतात. परतीला तेच वारे पाठीशी असतात, म्हणून तासभर वाचतो. शिवाय आकाशातली वाटही बंद होते. पाकिस्तानने 2019 मध्ये फेब्रुवारी ते जुलै आपले आकाश बंद ठेवले आणि एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा मनाई केली. वळसा पडला, की वेळ आणि इंधन दोन्ही वाढतात.

आता दुबईमार्गे पाहू. मुंबई-दुबई सुमारे 1930 आणि दुबई-लंडन सुमारे 5500 किलोमीटर. म्हणजे जास्तीचा वळसा जेमतेम सव्वादोनशे किलोमीटरचा, विमानाला पाव तासाचा! मग वेळ जातो कुठे? दुबईच्या विमानतळावर बसून. पुढचे विमान दोन-तीन तासांत असेल, तर या वाटेने खुशाल जावे. पण पुष्कळदा सर्वांत स्वस्त तिकीट नऊ-दहा तासांच्या थांब्याचे असते. तिथले महागडे जेवण, बुडालेला दिवस आणि झोपेवाचून गिऱ्हाइकासमोर बसणे हे सारे त्या भाड्यात मिळवा. चार दिवसांच्या दौऱ्यात जाता-येता असे थांबे घेणे आमच्या मते तोट्याचाच व्यवहार.

त्याहून वाईट म्हणजे दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटे जोडणे. पहिल्या विमानाला उशीर झाला आणि दुसरे चुकले, तर दुसरी कंपनी सहसा हात वर करते. सामान ताब्यात घेऊन पुन्हा जमा करायचे असेल तर बाहेर यावे लागते, आणि त्यासाठी दुबईचा व्हिसा लागू शकतो. नमुन्यांची पेटी सोबत असताना हा जुगार कशाला?

वेळापत्रक वाचतानाही नवखे फसतात. त्यात सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणची असते. लंडनचे घड्याळ आपल्या मागे, हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास. मुंबईहून रात्री दोनला सुटून लंडनला सकाळी साडेसहाला पोहोचणारे विमान हिवाळ्यात दहा तास उडालेले असते, साडेचार नव्हे. त्याच दिवशी सकाळी नऊची बैठक ठरवणाऱ्यांनी इमिग्रेशनची रांगही धरावी.

एजंटला भाव विचारण्याआधी आपल्या बांधवांनी दोन प्रश्न विचारावेत : घड्याळाचा फरक सोडून एकूण तास किती, आणि सारा प्रवास एकाच तिकिटावर आहे की नाही?