गावरान कोंबडीचे बीज कोणाच्या हाती राहणार?

मार्च 2024 मध्ये नागपूरच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रात बर्ड फ्लू शिरला आणि हजारो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. साथ थांबवायची तर ते करावेच लागते. पण एखाद्या वाणाचा तेवढाच कळप उरलेला असेल, तर त्या खड्ड्यात वाणही गाडले जाते. पारशिवनीच्या आम्हा कोंबडी व्यापाऱ्यांनी याचा विचार करायला हवा.

म्हशीचे तसे नसते. रेड्याचे रेत नायट्रोजनच्या टाकीत वर्षानुवर्षे टिकते. कोंबडीचे अंडे गोठवता येत नाही, त्यात बलक फार. कोंबड्याचे रेत गोठवले तर फळण्याचे प्रमाण घटते. यावर आता तोड निघाली आहे. अंडे उबवायला ठेवल्यावर अडीच दिवसांनी गर्भाच्या रक्तात काही पेशी फिरत असतात. पुढे त्यांचेच अंडे किंवा रेत बनते. थेंबभराहूनही कमी रक्त काढून या बीजपेशी प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढवता येतात, हे कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवले. त्या गोठवून ठेवायच्या आणि गरज पडली की दुसऱ्या जातीच्या गर्भात सोडायच्या. तो पक्षी मोठा होऊन मूळ जातीची पिल्ले देतो. डॉली मेंढी जन्मली त्या स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेने यासाठी स्वतःचे बीज नसलेल्या कोंबड्याही तयार केल्या. 2025 मध्ये एका अमेरिकन कंपनीने कबुतराच्या बीजपेशी वाढवल्याचे जाहीर केले. तिला म्हणे नामशेष झालेला डोडो परत आणायचा आहे! तो शौक तिला लखलाभ.

आमचा प्रश्न रोजीरोटीचा आहे. ब्रॉयलरचे मूळ वाण जगात मोजक्या कंपन्यांकडे आहे. पिल्लाचा दर ठरवताना चिकन सेंटरवाल्याला कोणी विचारत नाही. गावरान कोंबडीचा भाव मात्र अजून बाजारात, विकणारी बाई आणि घेणारा व्यापारी मिळून ठरवतात. उद्या हेही बीज एखाद्या कंपनीच्या टाकीत गेले तर? कडकनाथच्या मांसावर दंतेवाड्यानेही हक्क सांगितला होता, पण 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले झाबुआला.

नागपुरात पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ 2000 सालापासून आहे. विदर्भातील गावरान कोंबड्यांची नोंद आणि बीजपेशींची पेढी तेथे सरकारी मालकीची असावी, असे आमचे मत आहे. व्यापारी बांधवांनी तशी लेखी मागणी तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे द्यावी. कोणत्या गावात चांगली जात टिकून आहे, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? बीज नसलेल्या कोंबड्या जनुकांत फेरफार करून केलेल्या असतात. त्यांच्या पिल्लांबाबत हलालचा प्रश्न निघेल, तेव्हा माल दुकानात येण्याआधीच उलेमांना विचारून घेतलेले बरे.